कच्चं दाखवायचं नाही

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे. स्वतःला जुना म्हणवून घेणं मला जड जातं, पण निशातगंजच्या बाजारात मला घेऊन कुणी उभं राहिलं की येणारा-जाणारा एकदा तरी विचारतोच, "ये अभी चलता है?" चालतो. मला डोळा आहे, कान आहे आणि एक लाल बटण आहे. जीभ मात्र नाही. ती असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. पांढरे हातमोजे, गारठलेली खोली, मग थर्माकोलचं खोकं. खरं आयुष्य सुरू झालं ते लखनऊला. पहिली पाच वर्षं मी एका लग्नवाल्याकडे होतो, म्हणजे लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे. त्या पाच वर्षांत मी एवढ्या काकांना नाचताना पाहिलं की माझ्या आतल्या काचेवर त्याचा परिणाम झाला असावा. कौतुक म्हणाल तर तेव्हाच झालं. मी वळलो की मावश्या पदर नीट करायच्या, जेवणारे लोक घास तोंडाजवळ धरून हसायचे. मग माझ्यापेक्षा बारीक दिसणारे आणि हवेत उडणारे कॅमेरे आले, आणि मी हजरतगंजमधल्या एका दुकानाच्या काचेत, गळ्यात चिठ्ठी अडकवून बसलो.

तिथून मला संपदानं उचललं.

संपदा खानवलकर. तिचे वडील सुधीरराव नागपूरहून रेल्वेत इंजिनिअर म्हणून इकडे आले, इथेच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. त्यांच्या घरात बोलणं मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत, आणि भांडण दोन्हीत. संपदा एका खासगी कंपनीत नोकरीला होती. अडतिसाव्या वर्षी तिनं ती सोडली आणि डॉक्युमेंटरी करायची ठरवली. कुठल्या संस्थेत शिकली नाही. माझ्यासोबत आलेलं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करत वाचलं, तेवढंच तिचं शिक्षण.

"डॉक्युमेंटरी म्हणजे ती पूर्वी सिनेमाच्या आधी दाखवायचे, तीच ना?" बाबांनी विचारलं. "आम्ही तेव्हा बाहेर समोसे खात असायचो."

"हो बाबा, तीच. मी आता तुमच्या समोशाच्या वेळेत काम करणार आहे."

"अच्छा. मग चटणी चांगली ठेव," बाबा म्हणाले, आणि पुन्हा पेपरात गेले. त्यांची परवानगी ही अशीच असते.

स्वतः शिकलेल्या माणसाला गुरू नसतो, म्हणून तो स्वतःसाठी नियम करतो आणि मग त्या नियमांना गुरूपेक्षा जास्त घाबरतो. संपदाचे तीन नियम होते. पहिला: माझ्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे, मी टिपायला लागलो की तो लागतो. लाल दिवा दिसला की माणसं ताठ होतात, म्हणून तिनं त्यावर इलेक्ट्रिकची काळी पट्टी चिकटवली. दुसरा: समोरचा बोलत असताना माझ्या पडद्याकडे बघायचं नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिसरा: कच्चं दाखवायचं नाही. ज्याच्यावर फिल्म करतोय त्याला ती पूर्ण होईपर्यंत एक तुकडासुद्धा दाखवायचा नाही. स्वतःला पाहिलं की माणूस दुसऱ्या दिवसापासून नट होतो, असं तिचं म्हणणं.

मला हे तिन्ही नियम आवडले होते. ते मी आधीच कबूल करतो.

सहा वर्षांपूर्वी ती निशातगंजच्या एका गल्लीत कोटाचं बटण तुटलं म्हणून गेली आणि तिला रियासत अली भेटले. रियासत भाई काज करायचे. फक्त काज. शिवायचे नाहीत, बेतायचे नाहीत. आजूबाजूचे शिंपी शेरवानी, बंदगळे तयार करून त्यांच्याकडे पाठवायचे आणि ते हातानं काज घालून परत द्यायचे. खडूची रेघ, छोटी चीर, मग कडेनं रेशमाची गुंडाळी, टाका टाक्याला चिकटून. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यात ते, एक दिवा, एक गादी, आणि दुपारी डबा घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायको कैसर आपा. आपा आल्या की दुकान भरायचं.

रियासत भाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता, ते काला मोतिया म्हणायचे. गेलेली नजर यात परत येत नाही, उरलेली थोडे दिवस टिकते. डावीकडून आलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसायचं नाही. एखादी चौकट चारही बाजूंनी हळूहळू लहान होत जावी तसं ते होतं. चौकटीतलं मला कळतं, म्हणून मला ते लगेच समजलं.

संपदानं फिल्म करू का विचारलं. त्यांनी बराच वेळ सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "बिटिया, बयालीस साल से हम अपने हाथ ऊपर से देख रहे हैं। सामने से कैसे लगते हैं, कभी देखा नहीं। तुम बना लो। बस, आँख रहते दिखा देना।"

"पक्का, चाचा," संपदा म्हणाली.

एवढाच करार. कागद नाही, सही नाही. मी मध्ये होतो, मी ऐकला.

"हमें मत लेना इसमें," कैसर आपा डबा उघडत म्हणाल्या. "इनको लो। इनको शौक़ है।"

पुढची चार वर्षं मी ते हात पाहिले. अगदी जवळून, समोरून, जसे त्यांना बघायचे होते तसे. अंगठ्याच्या नखाला सुईनं पडलेली खाच, करंगळी जरा वर, दोरा ओढताना मनगटाचा छोटासा झटका. मित्रांनो, पाच वर्षं लग्नं बघितलेल्या माझ्यासारख्याला हे म्हणजे चांगल्या घरी पडल्यासारखं होतं. दुसऱ्या वर्षाअखेरीस संपदाकडे एवढं सुंदर काही जमलं होतं की तिनं ते एका दुपारी त्या जिन्याखाली नुसतं लावून दाखवलं असतं तरी करार पूर्ण झाला असता.

पण तिसरा नियम.

आणि फिल्म पूर्ण होत नव्हती. का, ते ऐका. डॉक्युमेंटरी करणाऱ्यांना मदत मिळवण्यासाठी मोठ्या टेबलामागे बसलेल्या लोकांसमोर उभं राहून सात मिनिटांत आपली फिल्म समजावून सांगावी लागते. संपदा दिल्लीला गेली. एक साहेब म्हणाले, "इसमें कॉन्फ़्लिक्ट कहाँ है?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "लखनऊ है तो थोड़ा कबाब, थोड़ी तहज़ीब डालिए ना।" परत आल्यावर तिनं पिशवी सोफ्यावर टाकली. पिशवीत मी होतो.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"कबाब घाला म्हणाले."

"काजात?"

"काजात."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "माणसाचे डोळे चाललेत, हे सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणाले, फार स्लो आहे. जरा लवकर जाऊ शकतात का."

मग घर चालवायला बाकीची कामं आलीच. शाळांची स्नेहसंमेलनं. अमौसीला विमानतळाजवळ एका कंपनीसाठी सामानाच्या गाड्या सुरक्षित कशा चालवाव्यात यावर फिल्म, जिच्यात एकच माणूस अकरा वेळा तीच टोपी घालतो. आणि हो, लग्नं. मी पुन्हा काकांसमोर उभा राहिलो. दरम्यान तिनं दुसरीही एक फिल्म करायला घेतली होती, एका सरकारी कचेरीतल्या टंकलेखकावर. परवानगीचं पत्र आलं तेव्हा तो निवृत्त होऊन गावी गेला होता. या धंद्यात कुणी कुणासाठी थांबत नाही, फक्त दिग्दर्शक सगळ्यांसाठी थांबतो. मला याचा राग येतो. आणि राग आला की मी फक्त गरम होतो, बाकी काही करू शकत नाही.

अधूनमधून रियासत भाईंचा फोन यायचा. "बिटिया, पिक्चर कहाँ तक पहुँची?"

"बस हो रही है चाचा. शेवट तेवढा राहिलाय," ती म्हणायची. मध्येच मराठी घुसायचं. ते त्यांना कळायचं.

शेवट तिला ठाऊक होता. ज्या दिवशी ते दुकान सोडतील त्या दिवसाचा शेवटचा काज. तो मिळाला की फिल्म पूर्ण, आणि मग सगळ्यांत आधी चाचांना दाखवायची. ती तारीख गेल्या वर्षी ठरली. मार्चचा पहिला शनिवार.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण ते फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकतं.

माझं लाल बटण एकच आहे. एकदा दाबलं की मी टिपायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. त्या सकाळी मला पिशवीतून काढताना तिच्या अंगठ्यानं ते दाबलं गेलं. मी सुरू झालो. लाल दिवा लागला, पण त्याच्यावर काळी पट्टी. तिनं मला तिपाईवर बसवलं, चौकट लावली, चाचांकडे बघून हसली आणि बटण दाबलं. मी थांबलो.

ती पडद्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. कानातल्या इअरफोनमध्ये आवाज तर येतच होता, कारण मी थांबलेला असलो तरी कान उघडे असतात. सगळं ठीक चाललंय असं तिला वाटत राहिलं.

आणि समोर ते घडत होतं. सलेटी रंगाचा बंदगळा होता, त्याचा वरून तिसरा काज. रियासत भाईंनी रेघ मारली ती बोटानं चाचपून. नजर उरली होती ती नाण्याएवढी, तीही त्या दिवशी पाण्यानं भरलेली. टाके त्यांनी हातांच्या सवयीनं घातले. शेवटचा दोरा दातानं तोडला, सुई स्वतःच्या कुडत्याच्या पट्टीत खोचली, बटण काजातून एकदा आत, एकदा बाहेर काढून पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बस।"

मी हे पाहिलं. साठवलं नाही. आतून ओरडून मला फुटायचं बाकी राहिलं होतं, पण बाहेरून मी एक शांत, काळा, तिपाईवर बसलेला डबा होतो.

संपदानं डोळे पुसले आणि बटण दाबलं. मी सुरू झालो. तिनं मला तिपाईवरून काढून खाली फरशीवर ठेवलं. माझ्यासमोर दोन चपला, एक दोऱ्याची गुंडी आणि जिन्याची पहिली पायरी. तेवढ्यात कैसर आपा डबा घेऊन आल्या. पुढची छत्तीस मिनिटं मी फरशी टिपली, मन लावून. जेवणं झाल्यावर तिनं पुन्हा चौकट लावली, दुकान बंद होतानाची, आणि बटण दाबलं. मी थांबलो. घरी जाताना 'बंद' केलं. मी सुरू झालो, आणि ई-रिक्षात, पिशवीच्या अंधारात, बॅटरी संपेपर्यंत अंधार टिपत राहिलो.

घरी तिनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मी टेबलावरच होतो. तिनं फरशी पाहिली. पुढे ढकललं, फरशी. आणखी पुढे, फरशी. मग अंधार. ती ओरडली नाही. तिनं माझ्या दिव्यावरची पट्टी नखानं खरवडून काढली आणि ती बोटाला चिकटली ती तिला निघेना.

बाबा चहा घेऊन आले. "काय झालं?"

"उलटं झालं, बाबा. सगळं उलटं."

त्यांनी ऐकून घेतलं. इंजिनिअर माणूस, त्यांना ते दोन वाक्यांत कळलं. "मग परत करायला सांग ना त्यांना. सिनेमात रीटेक असतातच की."

"शेवटचा दिवस होता तो. शेवटचा दिवस परत कसा करायला सांगू? आणि दुकान सोमवारपासून मोबाईलच्या कव्हरवाल्याचं आहे."

"त्यांना सांगितलंस?"

संपदानं कार्ड काढून मुठीत धरलं.

"आजच सांग, बेटा. ते हसतील, इतकंच."

तिनं नाही सांगितलं. इथेच माझा तिच्यावरचा राग सुरू होतो, मित्रांनो, आणि माझं तिच्यावर प्रेम आहे हे जाणूनही मी तो सांगणार आहे. सात महिने ती त्या शेवटाशी झगडली. बंद दुकानाचं शटर टिपून आणलं, जमलं नाही. शिंप्यांना विचारून पाहिलं, जमलं नाही. फोन आला की म्हणायची, "बस हो रही है, चाचा।" आणि चार वर्षांचे हात, समोरून, स्वच्छ, सुंदर, कपाटात एका डबीत पडून होते. त्या माणसाला शेवट नको होता. त्याला हात बघायचे होते. कपाटातून काढून गल्लीत न्यायला ई-रिक्षानं बारा मिनिटं लागतात.

हळूहळू फोन कमी झाले. ऑक्टोबरात आला तो कैसर आपांचा होता. "अब नहीं दिखता उन्हें। रोशनी-अँधेरा भर पता चलता है। तुमको इसलिए बताया कि तुम परेशान मत होना, जब बने तब बने।"

त्यानंतर संपदानं तीन आठवड्यांत फिल्म संपवली. शेवटाला तिनं फरशी ठेवली. जशी होती तशी, दोन चपला, दोऱ्याची गुंडी, आणि वर चाललेल्या गप्पा. इतके दिवस जे सुचलं नाही ते आता का सुचलं, ते तिलाच विचारा.

पेपर मिल कॉलनीच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. ती लॅपटॉप घेऊन गेली. मलाही नेलं, का कोण जाणे. रियासत भाई दिवाणावर बसले होते, इस्त्रीचा कुडता घालून. फिल्म बघायला माणूस तयार होऊन बसतो तसे.

"लगाओ," ते म्हणाले. "कैसर, तुम बोलती जाना क्या दिख रहा है।"

"हम?"

"और कौन? तुमको तो शौक़ था नहीं, अब करो नौकरी।"

फिल्म सुरू झाली. कैसर आपा पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

"तुम्हारे हाथ हैं।"

"सामने से?"

"सामने से।"

"कैसे लगते हैं?"

आपांनी डोळे बारीक केले. "दर्ज़ी के लगते हैं। नाखून काट लेते, इतने बड़े-बड़े आए हैं।"

ते हसले. मग त्या सांगत राहिल्या. आता सुई आली, आता दोरा, आता तुम्ही त्या शुक्ला टेलरवर चिडलात. मधूनमधून त्या गप्प होत आणि ते म्हणत, "बोलो, सो गईं क्या?" संपदा दाराजवळच्या वेताच्या मोढ्यावर बसली होती, हात मांडीखाली धरून.

शेवट आला. पडद्यावर फरशी उतरली. कैसर आपा थांबल्या. त्यांनी मान वळवून संपदाकडे पाहिलं. संपदाचा चेहरा पाहून त्यांना काय कळायचं ते कळलं. त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"आख़िरी काज है," त्या म्हणाल्या. "बना रहे हो।"

"किस पर?"

"काली शेरवानी पर।"

रियासत भाईंनी कान पडद्याकडे केला. लॅपटॉपमधून त्यांचाच आवाज येत होता, मुळ्याचे पराठे गार झाल्याची तक्रार करणारा, आणि आपांचा आवाज, की गार झाले कारण तुम्ही सिनेमा करत बसलात.

"उस दिन सलेटी बंदगला था," ते म्हणाले. "पैंतालीस साल में झूठ बोलना नहीं आया तुमको। क्या दिख रहा है?"

आपांनी पदरानं पडदा पुसला, त्यावर काही नसताना.

"फ़र्श।"

संपदा उभी राहिली. "चाचा, वो बटन... उलटा दब गया था. मार्च में ही पता चल गया था. मैंने बताया नहीं।"

त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. मी त्यांचा चेहरा खूप वर्षं टिपलाय, पण हा मला वाचता आला नाही. मग ते आपांकडे वळले.

"झाड़ू लगी है?"

"कहाँ?"

"फ़र्श पर। पिक्चर में।"

"कहाँ लगी है। धागे पड़े हैं सब तरफ़।"

"तो लगा लेतीं। सारी दुनिया देखेगी।"

आपा हसल्या, संपदाही हसली, आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं. रियासत भाईंनी फिल्म शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावर म्हणाले, "आवाज़ अच्छी आई है।" मग आपांना म्हणाले, "एक बार फिर लगवाओ। हाथ वाला।" आपा पुन्हा पडद्याजवळ सरकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

फिल्म पुढे दोन ठिकाणी दाखवली गेली. लोकांना फरशीचा शेवट फार आवडला. कुणीतरी तो दिग्दर्शिकेचा धाडसी निर्णय आहे असं लिहिलं. संपदानं ते वाचलं आणि बाबांना दिलं. बाबांनी वाचून उलटं ठेवलं.

मित्रांनो, माझी बॅटरी आता वीस मिनिटं टिकते, तेव्हा थोडक्यात सांगतो. मला पुसून ठेवा, ओलीत ठेवू नका, हे सगळे कॅमेरे सांगतात. मलाही ते हवंच आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या सगळ्यांच्या खिशात आता माझी नातवंडं आहेत. तुम्ही आजीला भाजी निवडताना टिपता, वॉचमन काकांना टिपता, आणि म्हणता, नंतर छान करून दाखवू. नंतर नको. कच्चं असेल, हललेलं असेल, अर्धं असेल, तरी ज्याचं आहे त्याच्यासमोर आज धरा आणि त्याला दोन मिनिटं बघू द्या. तो नट झाला तर झाला. आमच्याकडे चार वर्षांचे हात होते, आणि ते बघायला त्यांना बायकोचे डोळे उसने घ्यावे लागले.